बेल्लोत्तोचे शिक्षण आणि नगरचित्राचा पुरावा

इ. स. १९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्याने वॉर्सा शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. पुढे त्याची पुनर्रचना करताना वास्तुतज्ज्ञांनी ज्या साधनांचा आधार घेतला, त्यांत बेर्नार्दो बेल्लोत्तो याने अठराव्या शतकात काढलेली तैलचित्रे होती. एका चित्रकाराच्या हातावर एवढा भार टाकण्याचे प्रसंग इतिहासात विरळाच. तेव्हा तो हात कोणत्या शिक्षणाने घडला होता, हा प्रश्न केवळ कलासमीक्षकांचा राहत नाही.

बेल्लोत्तो हा व्हेनिसचा विख्यात नगरचित्रकार कानालेत्तो (१६९७–१७६८) याचा भाचा. कुमारवयातच तो मामाच्या चित्रशाळेत शिकू लागला व १७३८ मध्ये व्हेनिसच्या चित्रकार-श्रेणीत त्याची नोंद झाली. या चित्रशाळेचे मूळ रंगभूमीत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. कानालेत्तोचे वडील नाटकगृहांचे देखावे रंगवीत. स्वतः कानालेत्तोनेही प्रारंभी तेच काम केले. सपाट कापडावर स्तंभांच्या रांगा दूरवर गेल्याचा आभास निर्माण करण्याची विद्या त्याला तेथेच लाभली.

अशा चित्रशाळेत काम टिपणवहीपासून सुरू होई. कानालेत्तोची एक वही व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयात आहे. तीत कालव्याकाठच्या इमारती पानामागून पान रेखाटलेल्या असून रंगांच्या खुणाही केलेल्या आहेत. त्याने कॅमेरा ऑब्स्क्युरा कितपत वापरला, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि ब्रिटिश राजसंग्रहातील रेखाटनांच्या इन्फ्रारेड तपासणीत शाईखाली पेन्सिलीची आखणी आढळल्याने यंत्राचे महत्त्व पूर्वी फुगविले गेले, असे मानण्यास जागा आहे. कॅनव्हासवर मात्र पट्टी व कंपास यांचेच राज्य. त्याच्या चित्रांत कमानी आणि छज्जे यांच्या रेषा टोकदार साधनाने कोरलेल्या दिसतात. आरंभीच्या चित्रांचे अस्तर तांबूस-तपकिरी आहे, पुढे ते फिकट होत गेले. माणसे व होड्या वास्तू पूर्ण झाल्यावर तिच्यावरच रंगविल्या जात. शिष्य हे सारे गुरूच्या चित्रांच्या प्रतिकृती करीत शिकला, आणि इतका नेमका शिकला की काही चित्रे मामाची की भाच्याची, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

परंतु या शाळेत मापाबरोबर मांडणीचाही धडा मिळे. कानालेत्तो दोन निरनिराळ्या ठिकाणांहून दिसणारी दृश्ये एकाच चित्रात जोडी, कालवा रुंद करी, एखादी इमारत किंचित सरकवी. प्रेक्षकाला त्यात खोटेपणा जाणवत नसे. किंबहुना जाणवू नये, हेच त्या विद्येचे मर्म होते.

हीच विद्या घेऊन बेल्लोत्तो १७४७ मध्ये ड्रेस्डेनला आणि नंतर वॉर्सास गेला. तेथे १७६८ मध्ये तो राजा स्तानिस्लाव आउगुस्त याचा दरबारी चित्रकार झाला. त्याचा प्रकाश मामाच्या प्रकाशाहून थंड, सावल्या अधिक जड. मामाचे टोपणनाव मात्र त्याने आपल्या सहीत कायम ठेवले. पोलंडमध्ये त्याला आजही कानालेत्तो म्हणतात.

त्याच्या चित्रांत जाळीदार कठडे, गिलाव्याचा पोत असे तपशील विलक्षण काळजीने आलेले आहेत. आणि तरीही काही दर्शनी भाग त्याने आपल्या मनाप्रमाणे बदलले. क्राकोव्स्क्ये प्शेद्म्येश्चे या राजमार्गावरील काही इमारती युद्धानंतर त्याच्या चित्रांवरून उभारल्या गेल्या, तेव्हा हे बदलही दगडविटांत उतरले. याउलट जुन्या शहराच्या उभारणीत वॉर्साच्या तांत्रिक विद्यापीठातील वास्तुकला विभागाने युद्धापूर्वी घेतलेल्या मोजमापांचे नकाशे उपयोगी पडले. हे नकाशे युद्धकाळात लपवून वाचविण्यात आले होते. त्यांत आकाश नाही, सावली नाही, माणसेही नाहीत.