कलावंताचे पाप आणि काळाचा न्याय

जुन्या काळातील थोर कलावंताचे एखादे दुष्कृत्य उजेडात आले की समाजात दोन पक्ष पडतात. त्याच्या कलाकृती नष्ट कराव्यात, असे एक पक्ष म्हणतो. आजच्या नीतीच्या फूटपट्टीने कालच्या माणसाला मोजणे अन्यायाचे आहे, असे दुसरा पक्ष बजावतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे वरवर समंजस वाटते. तथापि फूटपट्टी खरोखर आजचीच आहे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ख्रिस्ती कलेच्या इतिहासातील दोन उदाहरणांच्या आधारे त्याचा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

पहिले उदाहरण इटालियन चित्रकार कारावाज्जो (1571–1610) याचे. रोममधील सान लुईजी देई फ्रांचेसी ह्या चर्चमध्ये त्याने रंगविलेले संत मत्तयाच्या पाचारणाचे चित्र आहे. काळोख्या खोलीत जकातदार पैसे मोजीत बसले आहेत. उजवीकडून प्रभू येशूचा हात पुढे होतो आणि त्याच दिशेने प्रकाशाची तिरीप आत शिरते. पाचारण म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात सांगणारी प्रवचने विरळाच. ज्या हाताने हे चित्र काढले, त्याच हाताने 28 मे 1606 रोजी रोममध्ये रानुच्चो तोमास्सोनी नावाच्या माणसाचा जीव घेतला. चित्रकाराला देहदंडाची शिक्षा जाहीर झाली आणि तो परागंदा झाला. पुढे माल्टा बेटावर संत योहानाच्या सरदारसंघाने त्याला 1608 मध्ये आपल्यात सामावून घेतले. तेथील प्रार्थनागृहासाठी त्याने बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र रंगविले आणि हुतात्म्याच्या मानेतून वाहणाऱ्या रक्तातच आपली सही केली. त्याच वर्षी मारामारीच्या प्रकरणात तो कैद झाला व तुरुंगातून निसटला. 1 डिसेंबर 1608 रोजी संघाची सभा भरली आणि सडलेल्या अवयवाप्रमाणे त्याला संघातून छाटून टाकण्यात आले. सभा भरली होती त्याच प्रार्थनागृहात, त्याच चित्रासमोर!

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कारावाज्जोला दोषी ठरविण्यासाठी आपली पिढी जन्माला यावी लागली नाही. त्याच्याच काळाने ते काम केले. आणि माणसाला बाहेर घालविणाऱ्यांनी त्याचे चित्र मात्र भिंतीवरून उतरविले नाही. ते आजही तेथेच आहे.

दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. एरिक गिल (1882–1940) ह्या इंग्रज शिल्पकाराने 1913 मध्ये कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमधील क्रुसाच्या वाटेची चौदा शिल्पे त्याने 1914 ते 1918 या काळात कोरली. तो संत डॉमिनिकच्या तृतीय संघाचा सदस्य होता. श्रम, प्रार्थना आणि कला यांच्या ऐक्यावर तो लिहीत असे. मृत्यूनंतर जवळजवळ अर्धशतकाने, 1989 मध्ये, फियोना मॅकार्थी यांनी लिहिलेले त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले. स्वतःच्या दोन मुलींवर त्यांच्या किशोरवयात केलेल्या लैंगिक अत्याचाराच्या नोंदी त्याच्याच रोजनिशीत होत्या. त्या ह्या चरित्राने जगापुढे आल्या. क्रुसाच्या वाटेची ती शिल्पे काढून टाकावीत, अशी मागणी पीडितांच्या वतीने झाली. बीबीसीच्या इमारतीवरील त्याच्या एका शिल्पावर 2022 मध्ये हातोड्याचे घाव घालण्यात आले.

‘काळच तसा होता’ हे समर्थन येथे टिकेल काय? गिलच्या काळीही हे कृत्य पाप होते, कायद्याने गुन्हा होते आणि ज्या श्रद्धेचा तो पुरस्कार करीत होता तिला सर्वस्वी अमान्य होते. नवी आहे ती नीती नव्हे, माहिती. आणि पीडिताचे ऐकून घेण्याची तयारी. जेथे काळाची दृष्टी खरोखरच अधू होती, तेथेही कोणी ना कोणी बोललेलेच असते. हिस्पानिओला बेटावर स्पॅनिश मालक तेथील मूळ रहिवाशांना राबवीत असताना 1511 मध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस ह्या डॉमिनिकन धर्मगुरूने व्यासपीठावरूनच त्यांना खडसावले होते. काळाने पडदा टाकला तरी सद्‌सद्‌विवेकाला फट सापडते.

मग कलाकृतीचे काय करावे? पवित्र शास्त्रात ह्याचा एक नमुना आहे. दावीद राजा हा परंपरेने स्तोत्रकर्ता मानला जातो. त्याने बथशेबेशी व्यभिचार केला आणि तिचा पती उरीया याला लढाईच्या तोंडी देऊन मारविले. पश्चात्तापाचे एकावन्नावे स्तोत्र परंपरेने टाकून दिले नाही; दर शुक्रवारच्या प्रातःप्रार्थनेत आम्ही धर्मगुरू ते म्हणतो. परंतु नाथान संदेष्ट्याने राजाला त्याच्या पापाबद्दल गाठले, ही नोंद त्या स्तोत्राच्या माथ्यावरच आहे. एवढेच नव्हे, तर संत मत्तय प्रभूची वंशावळ देताना बथशेबेचे नाव न घेता तिला उरीयाची पत्नी म्हणतो. राजांच्या त्या यादीत मारल्या गेलेल्या शिपायाचे नाव कायमचे कोरले गेले.

हाच न्याय आम्हांस योग्य वाटतो. कलाकृती फोडू नये, पण तिच्या माथ्यावरील नोंदही पुसू नये. कलावंताचे नाव घेताना तोमास्सोनीचे आणि त्या दोन मुलींचे स्मरण ठेवावे. प्रार्थनास्थळाची गोष्ट मात्र आणखी वेगळी आहे. चित्रसंग्रहालयात मनुष्य पाहावयास जातो, चर्चमध्ये तो आपली जखम घेऊन येतो. बालपणी अत्याचार सोसलेली एखादी व्यक्ती क्रुसाच्या वाटेवर गिलच्या शिल्पापुढे गुडघे टेकू शकत नसेल, तर शिल्पाच्या सौंदर्यापेक्षा तिच्या दुःखाचा अधिकार मोठा आहे. अशा वेळी ते शिल्प दुसरीकडे सन्मानाने ठेवले तर कलेची हानी होत नाही, आणि क्रुसाची वाट तर शिल्पावाचूनही चालता येते.