‘जात’ खरी की नुसते नाव? एका जुन्या वादाची हकीकत

विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी आम्ही जरा अवघड विषय निवडला आहे. उपासक-उपासिकांनी पान उलटू नये ही विनंती, कारण या वादाचा धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो.

आपल्या शीळफाट्याचेच घ्या. मुंब्रा, महापे आणि कल्याण इकडचे रस्ते जिथे मिळतात त्या जागेला आपण फाटा म्हणतो. महाराष्ट्रात असे फाटे जागोजाग आहेत, पण एकासारखा दुसरा नाही. मग सर्वांना एकच शब्द कसा चालतो? त्या सगळ्यांत ‘फाटेपणा’ नावाची एखादी वस्तू बसलेली आहे काय?

न्याय व मीमांसा दर्शनांचे पंडित म्हणत, आहे. प्रत्येक गायीत ‘गोत्व’ असते आणि गाय मेली तरी ते मरत नाही. याला ते ‘जाति’ म्हणत. हा शब्द ध्यानात ठेवावा.

पाचव्या-सहाव्या शतकातील आचार्य दिङ्नाग यांनी ‘प्रमाणसमुच्चय’ ग्रंथात हे नाकारले. त्यांच्या मते शब्द ही धुरासारखी खूण आहे. धुरावरून आग ओळखायची तर तो समोरच्या डोंगरावर दिसला पाहिजे, आग असते तिथे आढळलेला असला पाहिजे आणि आग नाही तिथे कधीच आढळता कामा नये. (पावसाळ्यात पारसिकच्या डोंगरावर धुके पाहून कोणी बंब बोलावीत नाही!) शब्दही तसाच, इतरांना वगळून अर्थ दाखवतो. ‘गाय’ म्हणजे गाय नसलेले सोडून जे उरते ते. यालाच ‘अपोह’ म्हणतात.

मीमांसक कुमारिल भट्टांचा आक्षेप असा की, आधी गायच ठाऊक नसेल तर ‘गाय नसलेले’ कसे ओळखणार? आक्षेप वजनदार आहे, हे मान्य केले पाहिजे. बौद्धांच्या बाजूने आम्हांला सर्वांत पटते ते आचार्य धर्मकीर्तींचे उदाहरण. गुळवेल आणि दुसऱ्या कितीतरी वनस्पती ताप उतरवतात. त्यांची रूपे निराळी, आत समान असे तत्त्व काही नाही. काम सारखे, म्हणून आपण त्यांना एका नावाखाली आणतो.

आता ‘जाति’ शब्दाकडे या. ब्राह्मणत्व हेसुद्धा गोत्वासारखे खरे आहे, आईबाप कोण हे कळले की ते ओळखता येते, असे कुमारिलांचे म्हणणे. बौद्धांचा सवाल साधा होता : कोणी सांगितल्याशिवाय जे दिसतच नाही, ते माणसात आहे कशावरून? धर्मकीर्तींनी तर जातीचा गर्व हा बुद्धी मंदावल्याच्या पाच लक्षणांत घातला. म्हणजे वाद शब्दांचा नव्हता, माणसांचा होता.

१९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या गाजलेल्या पुस्तकात परमपूज्य बाबासाहेबांनीही मांडले की जात ही बाहेर उभी असलेली वस्तू नसून मनातली धारणा आहे. अर्थात धारणा म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. आडनाव ऐकताच भाड्याची खोली ‘आत्ताच गेली’ असे ऐकलेली कुटुंबे आपल्यात आहेत. नावामागे वस्तू नसली तरी नाव आपले काम करते.

पुढे सशाच्या शिंगावरूनही वाद रंगला. जे नाहीच त्याविषयी तर्कात बोलता येईल काय? विक्रमशिलेचे रत्नकीर्ती म्हणत, येईल. नैयायिक उदयन म्हणत, नाही. अकराव्या शतकाच्या आसपासची ही गोष्ट.

आपला भाग यापासून तुटलेला नव्हता. कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत आहेत, आणि नवव्या शतकातील शिलाहारकालीन लेखात भिक्षूंच्या चीवरांबरोबर पुस्तकांसाठीही दान नोंदले आहे. मात्र धर्मकीर्तींच्या ‘प्रमाणवार्तिका’चे मूळ संस्कृत भारतातून नाहीसे झाले होते. १९३० च्या दशकात राहुल सांकृत्यायन यांना त्याची हस्तलिखिते तिबेटात मिळाली. पुणे विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे अभ्यासक डॉ. प्रदीप गोखले यांनी धर्मकीर्तींचा ‘वादन्याय’ १९९३ साली व ‘हेतुबिंदू’ १९९७ साली इंग्रजीत आणला. ‘वादन्याय’ हा वाद कसा करावा याचा ग्रंथ आहे. त्यात कपटाने मिळवलेल्या विजयाला धर्मकीर्ती विजय म्हणायला तयार नाहीत.