गर्भनलिका पुनर्जोडणी
कुटुंबनियोजनासाठी बांधलेल्या, कापलेल्या किंवा रिंग बसवलेल्या गर्भनलिका पुन्हा सांधण्याची शस्त्रक्रिया. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची नसबंदी झालेली आहे (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१). बोलीभाषेत नसबंदीला नुसते ‘ऑपरेशन’ म्हणतात.

ऑपरेशनपासून कंबर धरते, पाळीत जास्त जाते, म्हणून नळ्या पुन्हा जोडून घ्याव्यात का, असा प्रश्न काही स्त्रियांना पडतो. नळी बांधल्याने बीजकोषांचे काम थांबत नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी पाहणीत नसबंदीमुळे पाळीचे विकार वाढल्याचे दिसले नाही. मात्र आधी गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर त्या सुटताच मूळची जड पाळी परतते. म्हणून आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी पाहावी. गाठ किंवा गर्भाशयाची सूज बरेचदा सोनोग्राफीत सापडते. तक्रार मनाची म्हणून झटकणे मात्र गैर.

जोडणी मुख्यतः पुन्हा मूल हवे असल्यास करतात. रिंग काढून सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने टाके घालतात. नळी पुरेशी उरली असेल तरच यश येते. नंतर नळीत गर्भ राहण्याचा धोका असतो.