रेईश मागूश : बारदेसचे आद्य ख्रिस्तमंदिर

मांडवी नदीच्या उत्तर तीरावर, पणजीच्या जवळजवळ समोर, वेरे नावाचे गाव आहे. गावाच्या टेकडीवर जांभ्या दगडाचा एक किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी, नदीकडे तोंड करून उभे असलेले एक शुभ्र ख्रिस्तमंदिर आहे. किल्ल्याला आणि मंदिराला एकच नाव आहे : रेईश मागूश, म्हणजे पूर्वेकडील तीन राजे. गोव्यास जाणारे आपले बहुतेक यात्रेकरू जुने गोवे पाहून, संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटिकेपुढे मस्तक नमवून परततात. नदीपलीकडचे हे गावातले मंदिर त्यांच्या वाटेवर येत नाही. आम्हांस मात्र गोव्याच्या ख्रिस्ती इतिहासातील काही अवघड प्रश्न समजून घ्यावयाचे झाल्यास कॅथीड्रलपेक्षा येथेच यावे असे वाटते.

बारदेस आणि साष्टी हे दोन प्रांत १५४३ मध्ये आदिलशाहीकडून पोर्तुगीजांकडे आले. धर्मकार्यासाठी त्यांची वाटणी झाली. साष्टी येशूसंघीयांकडे गेली आणि बारदेस फ्रान्सिस्कनांकडे. फ्रान्सिस्कनांनी बारदेसात बांधलेले पहिले मंदिर ते हे, १५५५ सालचे. पहिल्या मंदिरास त्यांनी आपल्या संस्थापकाचे, संत फ्रान्सिसचे, नाव दिले नाही ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. संत मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांची कथा आहे. ते किती होते हे तेथे सांगितलेले नाही, ते राजे होते असेही म्हटलेले नाही. तीन ही संख्या, राजपद आणि गास्पार, मेल्कियोर, बाल्ताझार ही नावे परंपरेने मागाहून दिली. परंतु बाळ येशूला वंदन करणारे पहिले परराष्ट्रीय तेच, हे साऱ्या ख्रिस्तसभेने मानले आहे. यहुदी नसलेल्या, पूर्वेकडच्या माणसांचा पहिला नमस्कार जेथे अपेक्षित होता, तेथे हे नाव योजण्यामागे काही हेतू असावा, असे आमचे मत आहे. गास्पार या नावाचा संबंध काही अभ्यासकांनी वायव्य भारतातील गोंडोफेरस राजाशी जोडला आहे. तो खरा की खोटा या वादात आम्ही शिरत नाही.

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. नदीकाठच्या रस्त्यावरून मंदिराकडे जाणाऱ्या रुंद पायऱ्यांची एक लांब रांग आहे. तिच्या तळाशी दोन्ही बाजूंस दगडी सिंह बसविलेले आहेत. युरोपीय शिल्पकाराच्या हातचे हे सिंह नव्हेत. ज्यांनी दक्षिणेकडील देवालयांच्या पायऱ्यांजवळचे सिंह पाहिले आहेत त्यांना विजयनगरच्या वळणाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. या जागी पूर्वी देवालय होते अशी परंपरा सांगितली जाते आणि सिंह तिला दुजोरा देतात, असे अनेक जाणकार मानतात. तिसवाडीतील देवालये १५४० च्या सुमारास पाडली गेली, बारदेस आणि साष्टीवर तीच वेळ त्यानंतर आली. देवालयांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्तमंदिरांकडे वळविण्यात आले हेही इतिहासाने नोंदलेले आहे. आपल्या लेखकांपैकी काहीजण हा भाग घाईघाईने ओलांडून पुढे जातात. तर काहीजण तेवढाच भाग सांगून थांबतात. दोन्ही रीती आम्हांस अपुऱ्या वाटतात. ज्या गावकऱ्यांच्या पूर्वजांनी त्या सिंहांना ओलांडून एका देवाचे दर्शन घेतले असेल, त्यांच्याच वंशजांनी त्याच पायऱ्या चढून दुसऱ्या नावाने प्रार्थना केली. त्यांतील किती जण श्रद्धेने वळले, किती भयाने आणि किती जमीन राखण्यासाठी, हे सिंह सांगत नाहीत. सिंह हलविले गेले नाहीत, एवढेच खरे.

पायऱ्या चढून वर आल्यावर दर्शनी भिंतीवर उंच कोरलेले पोर्तुगालचे राजचिन्ह दृष्टीस पडते. क्रूसाच्या घरावर राजाची मुद्रा कशाला, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. त्याचे उत्तर पाद्रोआदो या व्यवस्थेत आहे. पूर्वेकडील ख्रिस्तमंदिरे बांधणे, धर्मगुरूंचा खर्च चालविणे ही जबाबदारी पोपमहोदयांनी पोर्तुगालच्या राजावर सोपविली होती आणि त्या बदल्यात महागुरुस्वामींच्या नेमणुकीसाठी नावे सुचविण्याचा अधिकार त्यास दिला होता. राजा हा आश्रयदाता, म्हणून त्याचे चिन्ह. पण जे चिन्ह आश्रय सांगते तेच मालकीही सांगते. येथे तर राज्यसत्ता अगदी शेजारीच राहत होती. लिस्बनहून येणारे आणि परत जाणारे व्हाइसरॉय रेईश मागूश येथे मुक्काम करीत. दोनदा व्हाइसरॉय झालेल्या, १५७०–७१ चा आदिलशाही वेढा परतवून लावणाऱ्या दों लुईश द आताईद याची १५८१ सालची स्मृतिशिला याच मंदिरात आहे. शिलेवर अक्षरे आहेत, नाव आहे, पदवी आहे. मंदिरासाठी जांभा फोडणाऱ्या, चुना मळणाऱ्या माणसांची नावे कोठेच नाहीत.

आज दिसणारी इमारत मुळाबरहुकूम १५५५ ची नव्हे. १७७१ मध्ये तिची पुनर्बांधणी झाली. आत एकच प्रशस्त दालन आहे, मध्ये खांबांची अडचण नाही. त्यामुळे मागे उभ्या राहिलेल्या माणसालाही वेदी दिसते आणि प्रवचन ऐकू येते. उपदेशाला महत्त्व देणाऱ्या त्या काळच्या मंदिरांची ही रीतच होती. मुख्य वेदीमागील कोरीव लाकूडकाम सोनेरी आणि तांबड्या रंगांनी मढविलेले असून तीन राजे बाळ येशूला भेटी अर्पण करीत आहेत असा देखावा त्यात आहे. बाहेरची भिंत साधी आणि पांढरी, आत मात्र हा झगमगाट. गोव्यातील कितीतरी गावांत हाच विरोध आढळतो. शेजारी फ्रान्सिस्कनांचे विद्यालयही होते. नवख्रिस्ती मुले तेथे शिकत. ते आज उरलेले नाही.

१७३९ हे वर्ष आपण वसईकर विसरू शकत नाही. त्या वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि किल्ल्यातील मंदिरे हळूहळू ओस पडली. त्याच वर्षी सावंतवाडीकर भोसल्यांनी बारदेस व्यापले. परंतु आग्वाद आणि रेईश मागूश हे दोन किल्ले पोर्तुगीजांच्या हातून गेले नाहीत. वसईची मंदिरे तटाच्या आत असूनही गेली आणि वेऱ्याचे मंदिर तटाच्या पायथ्याशी असूनही वाचले, हा दैवाचा खेळ म्हणावा लागेल. पुढे नेपोलियनच्या युद्धांच्या काळात काही वर्षे येथे इंग्रज फौजेचा तळ होता. किल्ल्याचा नंतर तुरुंग झाला, तो १९९३ पर्यंत चालला. दुरुस्तीनंतर २०१२ मध्ये किल्ला सांस्कृतिक केंद्र म्हणून लोकांसाठी खुला झाला. व्हाइसरॉय गेले, फ्रान्सिस्कन गेले, १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज राज्यही गेले. पायथ्याच्या मंदिरातील मिस्सा चालूच राहिली.

६ जानेवारीला येथे राजांचा सण होतो. गावातील मुले राजांचा वेश करून भेटी घेऊन येतात. साष्टीतील चांदर आणि कासावलीजवळच्या कुएली येथेही हा सण थाटाने होतो, तेथे राजे घोड्यावर बसतात. गोव्यातील जुन्या गावकरी संस्थांनी मंदिरांच्या सणांचा मान आणि खर्च घराण्यांत वाटून घेतला होता. देव बदलला तरी मानापमानाची ही गावची रचना फारशी बदलली नाही. इतिहासकारांनी दरबारी कागदांइतकेच लक्ष या मानांच्या यादीकडे द्यावयास हवे होते.

एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ती म्हणजे चुना. जांभा हा सच्छिद्र दगड. कोकणातल्या पावसाचा मारा त्याला उघड्या अंगावर सोसत नाही. म्हणून चुन्याचा गिलावा आणि वर पांढरा हात. हे सौंदर्यासाठी नव्हते, दगड जगावा म्हणून होते. जुन्या गोव्यातील बॉम जेजूच्या भिंतींचा गिलावा १९५० च्या दशकात प्राचीनत्व दिसावे म्हणून काढून टाकण्यात आला. तेव्हापासून तिचा जांभा झिजतो आहे आणि तिला पुन्हा गिलावा करावा की नाही यावर अजून वाद चालू आहेत. आपल्याकडे याच्या उलट घडते. जुनी भिंत ओल धरते म्हणून तिला सिमेंट फासले जाते, दगडातील ओल आतच कोंडते, भिंत फुगते आणि मग ‘जीर्ण झाले’ असे ठरवून सारे मंदिरच पाडावयास निघतात. भक्तजन वाढले, जागा अपुरी पडते, ही अडचण खरी आहे. परंतु पाडण्यापूर्वी चुना मळू शकणारा एखादा वृद्ध गवंडी गावात शिल्लक आहे का, एवढी चौकशी तरी धर्मग्रामाच्या मंडळाने करावी. वेऱ्याच्या मंदिराची भिंत पावसाळ्यानंतर काळवंडते, शेवाळते आणि पुन्हा पांढरी केली जाते.