केकवरचं फॉन्डन्ट घरी कसं रंगवायचं? नवशिक्यांसाठी सोपी माहिती, आणि रंग घेताना काय पाहायचं

वाढदिवसाच्या केकवर गाडी, बाहुली, फुलं, नावाची अक्षरं बसवलेली दिसतात. ती बहुतेक वेळा फॉन्डन्टची असतात. पिठीसाखर, ग्लुकोज सिरप, जिलेटिन किंवा अगर, ग्लिसरीन आणि थोडं वनस्पती तूप एकत्र मळून केलेला गोड गोळा म्हणजे फॉन्डन्ट. कणकेसारखा तो लाटता येतो, साच्यात दाबता येतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर भागात अनेक महिला राहत्या घरातून असे केक करून विकतात. आता तालुक्याच्या गावातही अशी मागणी असते. केक जमतो, पण रंगाला अडतं. म्हणून ही माहिती.

मुंबई उपनगरातल्या जुन्या गावठाणांना हे काम तसं नवं नाही. गोराई, मनोरी, मरोळ इथली ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं नाताळात काजू-बदामाचं मार्झिपान करतात. त्यात रंग मळून साच्यातून फुलं, पानं काढतात. फॉन्डन्टचं तंत्र त्याच्याच जवळचं आहे.

कोणता रंग घ्यायचा?

रंग पातळ, जेल आणि पावडर अशा तीन प्रकारांत मिळतो. नवीन माणसाने जेल घ्यावा. पातळ रंगात पाणी असतं आणि पाण्याने साखर विरघळते. गोळा चिकट होतो, लाटताना ओट्याला धरतो. जेल घट्ट असल्याने थोडक्यात काम होतं.

सामान तालुक्यात मिळत नसेल तर मुंबईत क्रॉफर्ड मार्केट परिसरात केकच्या साहित्याची दुकानं आहेत. सीएसएमटी स्टेशनवरून चालत जाता येतं.

रंगवायची पद्धत

१. पांढरं फॉन्डन्ट पाव किलो घ्या. आधी दोन-तीन मिनिटं नुसतं मळून मऊ करा.

२. ओटा कोरडा पुसा. हाताला किंचित वनस्पती तूप लावा. हातमोजे घातले तर बरं, नाहीतर रंग बोटांवर राहतो.

३. टूथपिकचं टोक जेलमध्ये बुडवून गोळ्यावर तीन-चार ठिकाणी टेकवा. बाटली थेट गोळ्यावर पिळू नका. दर वेळी नवी टूथपिक घ्या, म्हणजे बाटलीत साखर जाणार नाही.

४. गोळा ताणायचा, घडी घालायची, पुन्हा ताणायचा. रेघा जाईपर्यंत हेच करा. रेघा मुद्दाम ठेवायच्या असतील, संगमरवरासारखं दिसायला हवं असेल, तर अर्ध्यातच थांबा.

५. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा. रंग काही तासांत आणखी गडद होतो. म्हणून मळताना हव्या त्या छटेपेक्षा थोडं फिकं असतानाच थांबा.

सगळ्यात महत्त्वाचं: रंग वाढवता येतो, काढता येत नाही. जास्त झालाच तर पांढरं फॉन्डन्ट मिसळून फिका करावा लागतो आणि माल वाढतो. तीच छटा दुसऱ्यांदा जुळवणं अवघड असतं, म्हणून लागेल त्यापेक्षा थोडं जास्त एकदाच रंगवा.

लाल आणि काळा

हे दोन रंग नवशिक्याला रडवतात. पांढऱ्यात लाल घालत गेलं की बराच वेळ गुलाबीच दिसतं, आणि भरपूर घातलं की गोळा मऊ पडून चवीला कडवट लागतो. लाल आदल्या दिवशी करून ठेवा. काळ्यासाठी आधी कोको पावडर मळून तपकिरी करा, मग काळं जेल घाला. नाहीतर हे दोन रंग तयार विकत घ्या.

बाकी हिशेब शाळेतलाच: पिवळा आणि निळा मिळून हिरवा, लाल आणि पिवळा मिळून नारिंगी, लाल आणि निळा मिळून जांभळा.

बिघडलं तर

चिकट झालं: थोडी पिठीसाखर किंवा कॉर्नफ्लोअर लावून मळा. कोरडं होऊन चिरा पडल्या: वनस्पती तूप किंवा ग्लिसरीनचा एक थेंब. रंग उडतोय: उन्हात, खिडकीशी ठेवू नका. गुलाबी आणि जांभळा लवकर फिके पडतात.

मुंबई-कोकणची दमट हवा हा वेगळा त्रास. पावसाळ्यात फॉन्डन्टला घाम सुटतो आणि गडद रंग पांढऱ्यावर ओघळतो. फ्रिजमधून काढलेला केक डब्यातच बंद ठेवा, तो बाहेरच्या हवेला आला की मग उघडा. दव डब्यावर धरेल, केकवर नाही. नुसत्या व्हिप क्रीमवर फॉन्डन्ट चढवू नका, ओलाव्याने ते वितळतं. खाली चॉकलेट गनाश किंवा बटरक्रीम हवं.

रंग खाण्याचाच आहे ना?

हा केक बहुतेक वेळा लहान मुलं खातात, म्हणून इथे चालढकल नको. बियाण्याची पिशवी घेताना लॉट नंबर बघतो, तसं रंगाचं लेबल वाचा. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक, तारीख आणि रंगाचं नाव असलं पाहिजे. भारतात खाण्यासाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे: टार्ट्राझिन (१०२), सनसेट यलो (११०), कार्मोइसिन (१२२), पॉन्सो ४ आर (१२४), एरिथ्रोसिन (१२७), इंडिगो कार्मिन (१३२), ब्रिलियंट ब्लू (१३३) आणि फास्ट ग्रीन (१४३). सुट्ट्या पुडीतला झगझगीत गुलाबी रंग घेऊ नका. रोडामाइन बी हा कापड रंगवायचा रंग सापडल्यावर २०२४ मध्ये तामिळनाडूने 'बुढ्ढी के बाल' विकायलाच बंदी घातली.

सोनेरी-चंदेरी चमकी घेताना आणखी जपा. लेबलवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलं म्हणजे ती खाण्याची झाली असं नाही. 'एडिबल' लिहिलेलं आणि घटकांची यादी छापलेली असावी. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ मध्ये पहिल्या वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. तपासात केकवरच्या चमकीत तांब्याची पूड निघाली.

हळद, बीट चालेल का?

चालेल, पण रस नको, कोरडी पावडर घ्या. हळदीने पिवळा, बीटने गुलाबी, कोकोने तपकिरी रंग येतो. रंग फिकाच राहतो आणि हळद जास्त झाली तर वास येतो. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत जैन गिऱ्हाईक बरंच आहे. कंद चालत नसल्याने बीटचं आधी विचारून घ्या. फॉन्डन्टच्या पाकिटावर हिरवा ठिपकाही बघा, कारण जिलेटिन प्राण्यांपासून बनतं.

विकायचं असेल तर

घरातून केक विकायलाही एफएसएसएआयची नोंदणी लागते. ती फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर मोबाइलवरूनही करता येते. वापरलेल्या रंगाच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, गिऱ्हाइकाने विचारलं तर दाखवता येईल. बाजारात संशयास्पद रंग दिसला तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.