गरोदरपण, मधुमेह आणि वजनाचा काटा: दोनशे वर्षांची गोष्ट

गरोदरपणात मधुमेह असल्याचे कळले की घरात दोन सल्ले एकदम सुरू होतात. एक, "दोन जिवांची आहेस, पोटभर खा." दुसरा, "साखर निघाली आहे, खाणे कमी कर." या दोन्हींच्या मध्ये अडकलेल्या स्त्रीचा प्रश्न साधा असतो: माझे वजन नेमके किती वाढायला हवे? याचे आजचे उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

१८२४ साली बर्लिनमध्ये हाइनरिख बेनेविट्झ याने आपल्या प्रबंधात एका २२ वर्षांच्या गरोदर स्त्रीची नोंद केली. तिला न भागणारी तहान होती आणि लघवीतून साखर जात होती. तिचे बाळ १२ पौंडांचे, म्हणजे सुमारे साडेपाच किलोचे होते. ते प्रसूतीत दगावले. आईची साखर मात्र बाळंतपणानंतर गेली.

पुढची शंभर वर्षे उपचार जवळजवळ नव्हतेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी मधुमेहींना अगदी कमी आहारावर ठेवण्याची पद्धत आणली. त्याने आयुष्य थोडे लांबे, पण रुग्ण हाडांचा सापळा होत. अशा अवस्थेत गर्भ राहणेच कठीण होते.

१९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि मधुमेही स्त्रिया आई होऊ लागल्या. बाळे मात्र अजूनही दगावत होती. बॉस्टनमध्ये डॉ. प्रिसिला व्हाइट यांनी अशा गरोदर स्त्रियांच्या उपचारासाठी आयुष्य वाहिले. कोपनहेगनच्या डॉ. पेडरसन यांनी बाळ मोठे का होते हे सांगितले: आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करते आणि त्याच्या अंगावर चरबी चढते.

वजनाची गोष्ट वेगळ्या वाटेने चालली होती. १८८९ मध्ये जर्मनीत प्रोखोव्निक यांनी अरुंद कटीच्या स्त्रियांना कमी आहार सुचवला, म्हणजे बाळ लहान राहील आणि प्रसूती सोपी होईल. पुढे रक्तदाब वाढेल या भीतीने अनेक डॉक्टर सर्वच गर्भवतींच्या वजनवाढीवर बंधन घालत. १९७० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने हे बंधन चुकीचे ठरवून सरासरी ११ किलो वाढ योग्य मानली. १९९० मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने ही वाढ गर्भधारणेपूर्वीच्या वजनाशी जोडली आणि २००९ मध्ये आकडे सुधारले. पोटात एकच बाळ असेल तर ते असे:

आधी वजन कमी असल्यास १२.५ ते १८ किलो
योग्य असल्यास ११.५ ते १६ किलो
जास्त असल्यास ७ ते ११.५ किलो
स्थूलता असल्यास ५ ते ९ किलो

यात मधुमेहासाठी वेगळा तक्ता नाही. म्हणजे साखर आहे म्हणून वजन वाढूच द्यायचे नाही, असे कुठेही म्हटलेले नाही. मात्र भारतीय स्त्रियांमध्ये कमी बीएमआयलाच वजन जास्त धरले जाते, म्हणून आपला गट डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

लहान बाळ म्हणजे निरोगी बाळ, हा समजही पुण्यात खोटा ठरला. केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत पाहिले की तिथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती. त्यांच्यात स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती.

या इतिहासातून घ्यायचे ते एवढेच: साखर आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींवर लक्ष हवे. दुप्पट खाऊ नका आणि उपाशीही राहू नका. थोडे थोडे, वेळेवर खा. आहाराने साखर आटोक्यात येत नसेल तर जेवण आणखी तोडण्याऐवजी औषध किंवा इन्सुलिन घ्या. वजन घटू लागले किंवा सूज येऊन अचानक वाढले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.