लहरींचा माग

सिल्लोडच्या पूर्वेस असई हें गांव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजीं तेथें शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं वेलस्लीची लढाई झाली, त्या काळीं निरोप हरकारे नेत. हरकारा सांपडला तरच निरोप शत्रूच्या हातीं पडावयाचा. बिनतारी संदेशाची गोष्ट अगदीं निराळी. त्याच्या लहरी चोहोंकडे पसरतात. दवंडीप्रमाणें त्या मित्राच्या कानीं पडतात, तशाच शत्रूच्याहि. सांकेतिक भाषेनें अर्थ झांकतां येईल. पण लहर निघाली कोठून, हें कसें झांकावें? एरियलची चौकट फिरवीत गेलें म्हणजे एका स्थितींत आवाज अगदीं मंदावतो, त्यावरून दिशा कळते. अशा दोन जागांवरून काढलेल्या रेषा जेथें छेदतील, तेथें यंत्र असलेंच पाहिजे!

11 ऑगस्ट 1942 रोजीं अमेरिकेंत हेडी लमार ही नटी व जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांना एका युक्तीचें पेटंट मिळालें. पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे 88, कंपनसंख्यांवरून संदेश उड्या मारीत जावा आणि ग्राहक यंत्रानेंहि त्याच क्रमानें उड्या माराव्या, अशी ती कल्पना. क्रम ठाऊक नसणाऱ्यास तुकडेच ऐकूं यावयाचे. पुढें 1975 सालीं वायनर या गणितज्ञानें दाखविलें कीं, चोरून ऐकणाऱ्याकडे पोंचणारी लहर अधिक खरखरीची असेल, तर किल्लीवांचूनहि गुप्तता राखतां येते.

मुंबईच्या तरुणांजवळ यांतील कांहींच नव्हतें. 27 ऑगस्ट 1942 पासून 42.34 मीटरवर 'काँग्रेस रेडिओ' बोलूं लागला. त्याचा मजकूर तर साऱ्या देशानें ऐकावा असाच. लपवावयाची होती ती केवळ जागा. बावीस वर्षांच्या उषा मेहता व त्यांचे सोबती लहर नव्हे, घरेंच बदलीत राहिले. ध्वनिमुद्रण एकीकडे होई, क्षेपण दुसरीकडून. पोलिसांच्या दिशाशोधक गाड्या शहरांत फिरत होत्या. आज या इमारतींत, उद्यां त्या, असे सुमारे अडीच महिने निभावले. एवढें अवजड यंत्र भरवस्तींतून हलवणें म्हणजे कांहीं गंमत नव्हती!

12 नोव्हेंबरला गिरगांवांतील पारेखवाडींत पोलीस आले. जागेचा नेमका पत्ता लहरींनीं दिला नव्हता. तो यंत्र जाणणाऱ्या एका सहकाऱ्याकडून त्यांना मिळाला होता. उषाताईंची चौकशी कित्येक महिने चालली. सोबत्यांविषयीं त्यांनीं शब्दहि काढला नाहीं. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.